आधुनिक चित्रकलेतील क्रूसारोहण आणि भौतिकवादी ख्रिस्ती धर्मविचार

क्रूसारोहण म्हणजे येशू ख्रिस्ताला क्रूसावर खिळून देण्यात आलेला मृत्युदंड. ख्रिस्ती कलेचा हा मध्यवर्ती विषय आहे. विसाव्या शतकात युरोपातील चर्चची सत्ता आणि चित्रकारांवरील पकड सैल झाली, तरी चित्रकारांनी हा विषय सोडला नाही. ज्यांनी तो हाताळला त्यांपैकी अनेक जण रूढ अर्थाने श्रद्धाळू ख्रिस्ती नव्हते. मार्क शागाल आणि बार्नेट न्यूमन हे ज्यू होते, फ्रान्सिस बेकन निरीश्वरवादी होते, जॉर्ज ग्रोस काही काळ जर्मन साम्यवादी पक्षाचे सभासद होते, तर गोव्यात जन्मलेले फ्रान्सिस न्यूटन सूझा यांचे चर्चशी आयुष्यभर भांडण चालले. याच काळात काही तत्त्वज्ञांनी आणि धर्मचिंतकांनी ख्रिस्ती कथेचे भौतिकवादी वाचन केले. या वाचनात परलोकापेक्षा देह, श्रम, सत्ता, यातना आणि मृत्यू यांना महत्त्व देण्यात आले.

चित्रकला आणि विचार यांचे हे दोन प्रवाह एका ठिकाणी विशेषत्वाने जवळ येतात. मार्क आणि मत्तय यांच्या शुभवर्तमानांनुसार येशूने मरणापूर्वी, देवाने आपला त्याग का केला, असा प्रश्न मोठ्याने विचारला. हा प्रश्न स्तोत्रसंहितेतील २२ व्या स्तोत्राच्या आरंभाशी जुळतो. खुद्द ख्रिस्तानेच देवाच्या अनुपस्थितीचा अनुभव घेतला असेल, तर त्या अनुभवाचा अर्थ काय, हा प्रस्तुत विषयाचा गाभा आहे.

संज्ञा

'भौतिकवाद' हा शब्द या संदर्भात तीन अर्थांनी वापरला जातो. पहिला अर्थ तत्त्वज्ञानातील आहे: जे काही अस्तित्वात आहे ते जडद्रव्य व त्याची रूपे यांपुरते आहे, अशी भूमिका. भारतीय परंपरेतील चार्वाक किंवा लोकायत दर्शन या अर्थाने भौतिकवादी होते. दुसरा अर्थ ऐतिहासिक भौतिकवादाचा आहे. माणसांची धर्मकल्पना, कायदा, कला यांचा विचार त्यांच्या उत्पादनपद्धतीपासून आणि वर्गसंबंधांपासून तोडून करता येत नाही, ही कार्ल मार्क्स आणि फ्रेडरिक एंगल्स यांची मांडणी त्यात येते. तिसरा अर्थ कलेतील आहे. चित्र म्हणजे प्रथम कापड, लाकूड, तेल आणि रंगद्रव्य असते. आधुनिक चित्रकारांनी ही द्रव्यता झाकण्याऐवजी उघडी केली.

ख्रिस्ती धर्मविचारात या तिन्ही अर्थांना वाव मिळण्याचे कारण त्या धर्माच्या मूळ सिद्धान्तात आहे. देव मनुष्यदेह धारण करून जन्मला, श्रमला, उपाशी राहिला आणि मेला, असे हा धर्म मानतो. या सिद्धान्ताला 'देहधारण' म्हणतात. पौलाने फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रात ख्रिस्ताने स्वतःला रिक्त केल्याचा उल्लेख आहे. देवत्व स्वतःहून रिक्त होऊन देहात उतरते, ही कल्पना पुढील काळातील भौतिकवादी वाचनाचा आधार ठरली.

पार्श्वभूमी

क्रूस ही रोमन साम्राज्यातील शिक्षा होती. ती प्रामुख्याने गुलामांना, बंडखोरांना आणि रोमन नागरिकत्व नसलेल्यांना दिली जाई. स्पार्टाकसच्या नेतृत्वाखालील गुलामांचा उठाव मोडल्यानंतर इ. स. पू. ७१ मध्ये सुमारे ६,००० बंडखोरांना अ‍ॅपियन मार्गाच्या कडेने क्रूसावर चढवण्यात आले होते. या शिक्षेत वेदनेइतकीच विटंबनाही अभिप्रेत असे. त्यामुळे आरंभीच्या ख्रिस्ती कलेत क्रूसारोहणाचे चित्रण जवळजवळ आढळत नाही. तेथे मेंढपाळ, मासा, नांगर अशी चिन्हे दिसतात. रोममधील सांता साबिना चर्चच्या लाकडी दारावरील पाचव्या शतकातील कोरीव काम हे या प्रसंगाच्या सर्वांत जुन्या ज्ञात चित्रणांपैकी एक आहे. त्यातही ख्रिस्त जिवंत, डोळे उघडे असलेला आणि वेदनारहित दिसतो.

वेदनेने पिळवटलेला देह उत्तर मध्ययुगात चित्रात आला. आधुनिक चित्रकारांवर यांपैकी दोन कृतींचा खोल प्रभाव पडला. पहिली कृती म्हणजे माथियास ग्रुनेवाल्ड यांनी सुमारे १५१२ ते १५१६ या काळात रंगवलेली इझेनहाइमची वेदी. ती सध्या फ्रान्समधील कोल्मार येथील संग्रहालयात आहे. ती ज्या मठासाठी तयार झाली तेथे बुरशी लागलेल्या राय धान्यामुळे होणाऱ्या एका भयंकर विकाराच्या रुग्णांची शुश्रूषा होत असे. या विकारात हातपाय जळल्यासारखे होऊन सडत. ग्रुनेवाल्ड यांच्या ख्रिस्ताची त्वचा हिरवट आणि व्रणांनी भरलेली असून बोटे आखडलेली आहेत. रुग्णाला वेदीवर आपलाच देह दिसे.

दुसरी कृती म्हणजे धाकटे हान्स होल्बाइन यांचे 'कबरीतील मृत ख्रिस्त' (१५२१–२२) हे बाझेल येथील चित्र. सुमारे ३० सेंटिमीटर उंच आणि २ मीटर लांब असलेल्या या अरुंद पट्टीत एक प्रेत पडलेले आहे. त्यात देवदूत नाहीत, शोक करणारे लोक नाहीत, पुनरुत्थानाची चाहूलही नाही. १८६७ मध्ये हे चित्र पाहून कादंबरीकार फ्योदोर दस्तयेव्हस्की हादरून गेले. पुढे 'द इडियट' या कादंबरीत त्यांनी या चित्रामुळे माणसाची श्रद्धा नष्ट होऊ शकेल का, हा प्रश्न पात्रांच्या तोंडी घातला.

तात्त्विक पाया

जर्मन तत्त्वज्ञ हेगेल यांनी १८०२ मध्ये 'श्रद्धा आणि ज्ञान' या निबंधात, देव स्वतः मरण पावला या एका जुन्या ल्यूथरपंथी स्तोत्रातील भावनेला तात्त्विक रूप दिले. त्यांच्या मते क्रूसावर केवळ एक सत्पुरुष मरत नाही. जगाच्या पलीकडे बसलेल्या देवाची कल्पनाच तेथे मरते, आणि नंतर जो आत्मा उरतो तो माणसांच्या समुदायात वास करतो.

हेगेल यांच्या विचारातून बाहेर पडलेल्या लुडविग फॉयरबाख यांनी १८४१ मध्ये 'ख्रिस्ती धर्माचे सार' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. माणूस आपलेच उत्तम गुण स्वतःपासून वेगळे करून आकाशात मांडतो आणि त्यांना देव म्हणतो, असे त्यांनी प्रतिपादले. देव दुःख भोगतो या कल्पनेचा अर्थ त्यांनी असा लावला की, इतरांसाठी दुःख सोसणे हे माणसालाच दिव्य वाटते. ग्रंथाच्या शेवटी ते बाप्तिस्म्याचे पाणी आणि प्रभुभोजनातील भाकर व द्राक्षारस यांच्याकडे वळतात. या वस्तू त्यांच्या गूढ अर्थामुळे पवित्र नसून माणसाचे जीवन त्यांवर चालते म्हणून त्या पवित्र आहेत, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

मार्क्स यांनी १८४४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखात फॉयरबाख यांच्या पुढे पाऊल टाकले. त्यांनी धर्माची तुलना अफूशी केली, हे सर्वश्रुत आहे. त्याच परिच्छेदात धर्म हा खऱ्या दुःखाचा उद्गार आणि त्या दुःखाविरुद्धचा निषेधही असतो, असे त्यांनी नोंदवले आहे. हा दुसरा भाग अनेकदा दुर्लक्षिला जातो, पण पुढील सर्व भौतिकवादी धर्मविचार त्यावरच उभा आहे. एंगल्स यांनी १८९४ मध्ये आरंभीच्या ख्रिस्ती समुदायाची तुलना आपल्या काळातील कामगार चळवळीशी केली. कार्ल काउट्स्की यांनी १९०८ मध्ये 'ख्रिस्ती धर्माचा उगम' या ग्रंथात त्या समुदायाचा वर्गीय इतिहास मांडला.

धर्म आणि भौतिकवाद यांच्या नात्याची एक प्रसिद्ध प्रतिमा वॉल्टर बेंजामिन यांनी १९४० मध्ये लिहिलेल्या इतिहासविषयक प्रबंधांत आढळते. तेथे ऐतिहासिक भौतिकवाद हा बुद्धिबळ खेळणारा बाहुला आहे आणि पटाखाली लपून त्याच्या सोंगट्या हलवणारा कुबडा बुटका म्हणजे धर्मविचार. एर्न्स्ट ब्लॉख यांनी १९६८ मध्ये 'ख्रिस्ती धर्मातील निरीश्वरवाद' या ग्रंथात, बायबलमध्येच सत्ताधारी देवाविरुद्ध बंड करणारा एक प्रवाह आहे, असे दाखवण्याचा प्रयत्न केला. इजिप्तमधून गुलामांची सुटका, ईयोबाची देवाकडे केलेली तक्रार आणि येशूचा मृत्यू हे त्या प्रवाहाचे टप्पे त्यांनी मानले.

दोन महायुद्धांच्या काळातील चित्रे

पहिल्या महायुद्धात दोन्ही बाजूंच्या चर्चसंस्थांनी आपापल्या सैन्याला आशीर्वाद दिले. या अनुभवानंतर जर्मनीत क्रूसारोहणाचे चित्र हा राजकीय प्रश्न बनला. जॉर्ज ग्रोस यांनी १९२८ मध्ये एका नाट्यप्रयोगासाठी काढलेल्या रेखाचित्रांपैकी एकात क्रूसावरील ख्रिस्ताच्या तोंडावर विषारी वायूपासून बचाव करणारा मुखवटा आणि पायांत लष्करी बूट आहेत. तोंड बंद ठेवा आणि सेवा करीत राहा, अशा आशयाचे शीर्षक त्याला होते. ग्रोस आणि त्यांचे प्रकाशक यांच्यावर ईशनिंदेचा खटला भरण्यात आला. प्रथम त्यांना दंड झाला, अपिलात ते निर्दोष ठरले आणि पुढेही हे प्रकरण काही वर्षे न्यायालयांत चालले. ख्रिस्ताचा अपमान कोणी केला, चित्रकाराने की युद्धाला आशीर्वाद देणाऱ्यांनी, हा त्या खटल्यातील खरा वाद होता.

ऑटो डिक्स हे युद्धात मशीनगन पथकात होते. 'युद्ध' (१९२९–३२) हे ड्रेस्डेन येथील चित्र त्यांनी वेदीचित्राच्या रचनेत, मध्यभागी एक व दोन बाजूंना दोन अशा फलकांत बांधले. त्यातील छिन्न देह ग्रुनेवाल्ड यांच्या वेदीची आठवण करून देतात, तर खालच्या पट्टीत आडवे पडलेले सैनिक होल्बाइन यांच्या मृत ख्रिस्ताची. वेदीचा साचा आहे, मात्र त्यात तारणहार नाही. १९३३ मध्ये नाझी राजवट येताच डिक्स यांना ड्रेस्डेन अकादमीतील प्राध्यापकपदावरून दूर करण्यात आले. त्याच वर्षी धार्मिक समाजवादाचे पुरस्कर्ते धर्मचिंतक पॉल टिलिख यांनाही फ्रांकफुर्ट विद्यापीठातून काढण्यात आले आणि ते अमेरिकेत गेले. पाब्लो पिकासो यांच्या 'गेर्निका' (१९३७) या चित्रात कोणताही धार्मिक विषय नसला, तरी मानवी स्थितीकडे ते आडपडदा न ठेवता पाहते. म्हणून टिलिख यांनी त्याची गणना आपल्या काळातील थोर प्रोटेस्टंट चित्रांत केली. चित्र धार्मिक ठरते ते विषयामुळे नव्हे, तर ते ज्या खोलीपर्यंत जाते त्यामुळे, असा त्यांचा युक्तिवाद होता.

मार्क शागाल यांचे 'शुभ्र क्रूसारोहण' (१९३८) शिकागो येथील आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आहे. जर्मनीतील ज्यूंवर वाढत चाललेल्या अत्याचारांची पार्श्वभूमी त्याला आहे. यातील ख्रिस्ताच्या कमरेला ज्यू लोक प्रार्थनेच्या वेळी घेतात ते वस्त्र गुंडाळलेले आहे. भोवती जळणारे प्रार्थनामंदिर, लुटलेली घरे आणि होडीतून पळणारे निर्वासित दिसतात. शतकानुशतके ज्यूंना ख्रिस्ताचे मारेकरी ठरवणाऱ्या युरोपला शागाल यांनी आठवण करून दिली की, क्रूसावरचा माणूस ज्यूच होता.

बेकन आणि देहाचा विचार

फ्रान्सिस बेकन यांचे 'क्रूसाच्या पायथ्याशी असलेल्या आकृतींचे तीन अभ्यास' हे चित्र १९४५ च्या एप्रिल महिन्यात लंडनमध्ये प्रदर्शित झाले. नारिंगी पार्श्वभूमीवर अर्धवट मानवी, अर्धवट पशुवत अशा तीन आकृती त्यात आहेत. क्रूस मात्र दिसत नाही. बेकन यांनी पुढे १९६२ आणि १९६५ मध्येही क्रूसारोहणाची तीन फलकांची चित्रे केली. त्यांत देह खाटकाच्या दुकानात टांगलेल्या मांसासारखा दिसतो. खाटीकखाना आणि क्रूसारोहण हे आपल्या मनात जोडलेले आहेत आणि श्रद्धा नसणाऱ्यासाठी क्रूसारोहण ही माणसाने माणसाशी केलेली एक वर्तणूक आहे, असे त्यांनी मुलाखतींत स्पष्ट केले होते.

फ्रेंच तत्त्वज्ञ झील डेल्यूझ यांनी १९८१ मध्ये बेकन यांच्या चित्रकलेवर ग्रंथ लिहिला. त्यांच्या मते बेकन यांच्या चित्रांतील मांस म्हणजे केवळ मृत द्रव्य नाही. यातना भोगणारा माणूस आणि यातना भोगणारा पशू यांच्यात भेद करता येत नाही, अशी ती सीमारेषा आहे, आणि म्हणून तेथे करुणेला जागा आहे. त्याच ग्रंथात डेल्यूझ यांनी जुन्या ख्रिस्ती चित्रकलेविषयी एक अनपेक्षित निरीक्षण नोंदवले. स्वर्ग, देवदूत आणि दिव्य देह रंगवायचे असल्यामुळे चित्रकारांना दृश्य जगाच्या हुबेहूब नकलेपासून सुटका मिळाली आणि रेषा व रंग यांना मोकळीक लाभली. देवामुळे चित्रकाराचे हात बांधले गेले, हा रूढ समज त्यांनी असा उलटा केला.

कोपऱ्यातील चौकोन

काझिमिर मालेविच यांनी 'काळा चौकोन' हे चित्र १९१५ च्या डिसेंबरमध्ये पेट्रोग्राड येथील प्रदर्शनात मांडले. सुमारे ८० सेंटिमीटर लांबीरुंदीच्या पांढऱ्या कापडावर एक काळा चौकोन, एवढेच या चित्राचे स्वरूप. मात्र ते छताजवळ, खोलीच्या कोपऱ्यात टांगले होते. रशियन ऑर्थोडॉक्स घरांत हा कोपरा पवित्र मूर्तिचित्रांसाठी राखलेला असतो. महाराष्ट्रातील घरात देव्हारा असावा तसाच हा कोपरा. मालेविच यांनी तेथील देवाची प्रतिमा काढली, पण जागा तशीच ठेवली. १९३५ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा त्यांच्या मृत्युशय्येच्या वर हाच चौकोन लावलेला होता.

स्लोव्हेनियातील तत्त्वज्ञ स्लावोय झिझेक यांनी 'द फ्रॅजाइल अ‍ॅब्सोल्यूट' (२०००) या पुस्तकात या चित्राचा विचार केला आहे. वस्तू पवित्र असते म्हणून ती देव्हाऱ्यात जात नाही, ती पवित्र जागेत ठेवली म्हणून पवित्र दिसते. आधुनिक कलेचे काम वस्तू आणि जागा यांतील हे अंतर दाखवणे आहे, असे त्यांचे म्हणणे आहे. 'द पपेट अँड द ड्वार्फ' (२००३) या पुस्तकाचे शीर्षक त्यांनी बेंजामिन यांच्या प्रतिमेवरून घेतले. त्यात आणि नंतरच्या लेखनात ते क्रूसावरील आक्रोशाकडे वळतात. इंग्रज लेखक चेस्टरटन यांनी १९०८ मध्ये असे सुचवले होते की, त्या आक्रोशात देव क्षणभर निरीश्वरवादी झाल्यासारखा वाटतो. चेस्टरटन यांनी हे श्रद्धेच्या समर्थनासाठी लिहिले होते. झिझेक ते शब्दशः घेतात. क्रूसावर पलीकडचा आधार कायमचा नाहीसा होतो. पवित्र आत्मा म्हणजे आपल्याला वाचवायला कोणी येणार नाही हे जाणून एकत्र आलेल्या माणसांचा समुदाय, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

फ्रेंच तत्त्वज्ञ आलाँ बादियू यांनी १९९७ मध्ये संत पौलावर लिहिलेल्या पुस्तकात वेगळा मार्ग घेतला. पुनरुत्थानाची घटना त्यांना कल्पित कथा वाटते. तथापि ज्यू आणि ग्रीक, गुलाम आणि स्वतंत्र असे भेद ओलांडून सर्वांसाठी एकच सत्य घोषित करणारा विचारवंत म्हणून ते पौलाला महत्त्व देतात.

न्यूमन, शागाल आणि परित्यागाचा प्रश्न

कॅथलिक चर्चमध्ये भिंतींवर चौदा चित्रे किंवा शिल्पे लावलेली असतात. त्यांना 'क्रूसाची वाट' म्हणतात. वसई आणि गोवा येथील चर्चमध्येही ती पाहावयास मिळतात. प्रत्येक चित्रात येशूच्या अखेरच्या प्रवासातील एक प्रसंग असतो, आणि भाविक एकेका चित्रासमोर थांबून प्रार्थना करतात.

बार्नेट न्यूमन यांनी १९५८ ते १९६६ या काळात याच नावाची चौदा चित्रे केली. आता ती वॉशिंग्टन येथील नॅशनल गॅलरीत आहेत. त्यांत एकही मानवी आकृती नाही. रंगाचा अस्तर न दिलेल्या कोऱ्या कापडावर काळे वा पांढरे उभे पट्टे आहेत. मालिकेच्या उपशीर्षकात येशूच्या आक्रोशातील अरामी शब्द आहेत. त्यामुळे चौदा चित्रे चौदा प्रसंग सांगत नाहीत. एकच प्रश्न ती चौदा वेळा विचारतात. पाहणाऱ्याला कथेचा आधार मिळत नाही, त्याच्यासमोर फक्त कापड, रंग आणि मधली रिकामी जागा उरते.

ही मालिका १९६६ च्या एप्रिल महिन्यात न्यूयॉर्कमधील गुगनहाइम संग्रहालयात प्रथम प्रदर्शित झाली. त्याच महिन्यात 'टाइम' साप्ताहिकाने काळ्या मुखपृष्ठावर लाल अक्षरांत, देव मेला आहे का, असा प्रश्न छापला होता. थॉमस आल्टायझर आदी अमेरिकी धर्मचिंतकांच्या 'देवाचा मृत्यू' या चळवळीविषयीची चर्चा त्यात होती. आल्टायझर यांचे 'ख्रिस्ती निरीश्वरवादाचे शुभवर्तमान' हे पुस्तकही १९६६ मधलेच. देवाने स्वतःला पूर्णपणे रिक्त करून जगात विलीन केले, म्हणून जगापलीकडे देव शोधू नये, असे त्यांचे मत होते.

जर्मन धर्मचिंतक युर्गेन मोल्टमान यांचा मार्ग निरीश्वरवादाचा नव्हता, तरी त्यांनी याच प्रश्नाला सामोरे जाणे अपरिहार्य मानले. १९४३ मध्ये हॅम्बुर्गवरील बॉम्बवर्षावात त्यांचा मित्र त्यांच्या शेजारीच ठार झाला. तेव्हा ते किशोरवयीन होते. पुढे युद्धकैदी म्हणून स्कॉटलंडमधील छावणीत असताना मार्ककृत शुभवर्तमानातील येशूचा आक्रोश त्यांच्या वाचनात आला आणि आपल्याला समजून घेणारा कोणी भेटला, असे त्यांना वाटले. १९७२ च्या 'क्रूसावरील देव' या ग्रंथात, यातना भोगू न शकणारा देव प्रेमही करू शकत नाही, असे त्यांनी प्रतिपादले. हा ग्रंथ लिहिताना आपल्यासमोर शागाल यांचे 'पिवळे क्रूसारोहण' हे चित्र होते, असे त्यांनी नमूद केले आहे. बुडणारे जहाज, पेटलेले गाव आणि क्रूसावरील ख्रिस्ताच्या कपाळावर व हातावर ज्यू प्रार्थनेच्या चामडी पट्ट्या असे त्या चित्राचे स्वरूप आहे. एका ज्यू चित्रकाराची कृती अशा रीतीने एका महत्त्वाच्या ख्रिस्ती ग्रंथाच्या घडणीत सहभागी झाली.

मुक्तिवादी धर्मविचार

लॅटिन अमेरिकेत हा प्रश्न अभ्यासिकेबाहेर पडला. पेरू देशातील गुस्ताव्हो गुतिएरेस यांच्या १९७१ च्या ग्रंथाने मुक्तिवादी धर्मविचाराला नाव आणि रूप दिले. दारिद्र्य ही ईश्वरी इच्छा नसून अन्यायकारक व्यवस्थेचे फळ आहे, आणि ते समजून घेण्यासाठी समाजविश्लेषणाची साधने वापरली पाहिजेत, ही त्याची भूमिका होती. पोर्तुगीज लेखक फर्नांदो बेलो यांनी १९७४ मध्ये मार्ककृत शुभवर्तमानाचे भौतिकवादी वाचन प्रसिद्ध केले. येशूच्या कथेतील हात, पाय, डोळे, भाकर, मंदिराचा खजिना अशा तपशिलांतून त्यांनी तत्कालीन पॅलेस्टाइनमधील अर्थव्यवस्था आणि सत्तासंबंध उलगडले.

एल साल्वादोर येथील येशूसंघीय धर्मगुरू आणि तत्त्वज्ञ इग्नासियो एलाकुरिया यांनी 'क्रूसावर चढवलेली जनता' ही संकल्पना मांडली. क्रूसारोहण ही एकदा घडून गेलेली घटना नसून भुकेने आणि दडपशाहीने मारल्या जाणाऱ्या लोकांत ती चालूच आहे, असा तिचा अर्थ आहे. ते ज्या विद्यापीठाचे कुलप्रमुख होते तेथील प्रार्थनागृहात छळ करून मारलेल्या लोकांची चौदा रेखाचित्रे 'क्रूसाची वाट' म्हणून लावलेली आहेत. १६ नोव्हेंबर १९८९ रोजी लष्कराच्या सैनिकांनी त्या विद्यापीठाच्या आवारात एलाकुरिया यांच्यासह सहा धर्मगुरूंची, त्यांच्या घरकाम करणाऱ्या स्त्रीची आणि तिच्या मुलीची हत्या केली. एका धर्मगुरूचे प्रेत ज्या खोलीत ओढून नेले तेथील कपाटातून एक पुस्तक खाली पडून रक्ताने भिजले. ते मोल्टमान यांच्या 'क्रूसावरील देव' या ग्रंथाचे स्पॅनिश भाषांतर होते.

भारतीय संदर्भ

गोव्यात जन्मलेल्या दोन चित्रकारांनी या विषयाला दोन भिन्न वळणे दिली. सांत इस्तेव येथील आंजेलो दा फोन्सेका (१९०२–१९६७) यांनी शांतिनिकेतनमध्ये शिक्षण घेतले आणि पुण्यातील ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात दीर्घकाळ वास्तव्य केले. त्यांची मरिया साडी नेसते आणि येशूची कथा भारतीय अंगणात घडते. त्यांच्या चित्रांचा स्वर सौम्य आणि ध्यानशील आहे.

साळगाव येथे जन्मलेले फ्रान्सिस न्यूटन सूझा (१९२४–२००२) यांचा स्वर याच्या उलट होता. 'भारत छोडो' आंदोलनाला पाठिंबा दिल्यामुळे त्यांना मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून काढण्यात आले. काही काळ ते साम्यवादी पक्षात होते. १९४७ मध्ये त्यांनी रझा, हुसेन, आरा, बाकरे आणि गाडे यांच्यासह प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपची स्थापना केली आणि १९४९ मध्ये ते लंडनला गेले. चर्चमधील विधींचे वैभव आणि रक्तबंबाळ मूर्ती यांचा बालपणी झालेला परिणाम त्यांच्या चित्रांत कायम राहिला. लंडनच्या टेट संग्रहालयातील त्यांच्या 'क्रूसारोहण' (१९५९) या चित्रात ख्रिस्ताचा देह काळा आहे, दात उघडे आहेत आणि रेषा काट्यांसारख्या टोकदार आहेत. वसाहतींतून पोहोचलेल्या गोऱ्या, सौम्य ख्रिस्तप्रतिमेला या चित्राने दिलेले उत्तर वंश आणि सत्ता यांच्या संदर्भातही वाचले जाते.

धर्मविचाराच्या क्षेत्रात अरविंद निर्मळ यांनी १९८१ मध्ये बंगळूर येथील युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजमध्ये केलेल्या भाषणापासून दलित ख्रिस्ती धर्मविचाराचा आरंभ मानला जातो. भारतातील ख्रिस्ती लोकांत दलितांची संख्या मोठी असूनही येथील धर्मविचार मात्र वेदान्ताच्या परिभाषेत उच्चवर्णीयांशी संवाद करीत राहिला, अशी त्यांची टीका होती. निर्मळ यांनीही क्रूसावरील आक्रोशालाच मध्यवर्ती स्थान दिले. देवाने टाकून दिल्याची भावना हा दलित अनुभवाचा गाभा आहे आणि ती भावना भोगणारा येशू या अनुभवात सहभागी आहे, असे त्यांनी प्रतिपादले.

आक्षेप

भौतिकवादी वाचनावर परस्परविरोधी बाजूंनी आक्षेप घेण्यात आले आहेत. व्हॅटिकनने १९८४ मध्ये काढलेल्या निर्देशपत्रात, मार्क्सवादी विश्लेषण स्वीकारताना त्यातील वर्गसंघर्षाचा आणि निरीश्वरवादाचा आशयही आत येतो, असा इशारा मुक्तिवाद्यांना दिला. इंग्रज धर्मचिंतक जॉन मिलबँक यांनी २००९ मध्ये झिझेक यांच्यासोबत लिहिलेल्या ग्रंथात, पुनरुत्थान वगळून क्रूस समजत नाही आणि देवाशिवाय जडद्रव्यालाही खरे मोल उरत नाही, असा प्रतिवाद केला. उलट बाजूने काही मार्क्सवादी विचारवंतांना, धर्मातून भौतिकवाद काढण्याचा हा खटाटोप अनावश्यक वाटतो.

स्त्रीवादी दृष्टीतून आलेला आक्षेप विशेष महत्त्वाचा आहे. जर्मन धर्मचिंतक डोरोथे झ्योले यांनी १९७३ मध्ये मोल्टमान यांच्या मांडणीवर टीका केली. पित्याने पुत्राला यातनेच्या स्वाधीन केले, अशी भाषा वापरल्यास यातना देणारा देवच ठरतो आणि यातनेचे उदात्तीकरण होते, असे त्यांचे म्हणणे होते. यातनेला अर्थ देण्याआधी ती कोणामुळे होते, हे विचारले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता.

कलेच्या अभ्यासात आणखी एक आक्षेप घेतला जातो. चित्र हे सिद्धान्ताचे उदाहरण नसते. न्यूमन यांचे पट्टे, बेकन यांचे मांस किंवा सूझा यांची टोकदार रेषा पाहण्याआधीच तिचा अर्थ ठरवून टाकला, तर या चित्रकारांनी ज्या द्रव्याला मोकळे केले ते पुन्हा शब्दांखाली झाकले जाते. म्हणून अशा कृतींच्या अभ्यासात प्रथम चित्राचा आकार, माध्यम, ते टांगण्याची जागा आणि त्यामागचा सामाजिक प्रसंग यांची नोंद करावी आणि मगच धर्मविचाराशी असलेले त्याचे नाते तपासावे, ही पद्धत अधिक सुरक्षित मानली जाते.